निळ्या मिन्याचं जिनिव्हा हंटर: दुरुस्तीच्या नोंदी

३ जून २०२४ : आवक

लेडीज हंटर, म्हणजे काचेवर धातूचं झाकण असलेलं खिशातलं घड्याळ; १८ कॅरट, केसचा व्यास ३४ मिमी. पुढच्या झाकणावर गिलोशे केलेल्या (यंत्राने बारीक रेषांची नक्षी कोरलेल्या) सोन्यावर पारदर्शक गडद निळा मिना. मधोमध चांदीच्या घरांत बसवलेल्या २५ रोज-कट हिऱ्यांची चांदणी आणि कडेने ७२ अर्धमोत्यांची रांग. मागच्या झाकणावर तोच मिना, पण हिरे-मोती नाहीत. तबकडी तांब्यावरच्या पांढऱ्या मिन्याची, काटे सोन्याच्या जाळीकामाचे. मशीन १३ लीन्य (मशीनच्या आकाराचं जुनं फ्रेंच माप; २९.३ मिमी), लिव्हर जातीचं, १५ ज्वेल (आसांना आणि घासणाऱ्या जागांना बसवलेले माणकाचे खडे). किल्ली क्राऊनने (वरच्या फिरवायच्या बोंडाने) द्यायची; काटे फिरवताना क्राऊनशेजारची बारीक पिन नखाने दाबून धरायची.

केसमध्ये हेल्वेशियाच्या (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) मुखवट्याचा ठसा आहे. १८८० च्या स्विस कायद्याने १८ कॅरटसाठी ठरवलेला तो हाच. (१४ कॅरटला खार असते. बाजारात दोन्ही सर्रास ‘स्विस सोनं’ म्हणून एकाच भावाने दाखवतात, म्हणून ठसा भिंगाखाली बघूनच पुढे बोलावं.) पुढचं झाकण, मागचं झाकण आणि धूळझाकण (मशीनवरचं आतलं झाकण) या तिन्हींवर एकच अनुक्रमांक आहे, म्हणजे केस एकसंध आहे. धूळझाकणावर पदकांची चित्रं कोरलेली आहेत, त्यांत पॅरिस १८८९ आहे. घड्याळ त्याआधीचं असू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशी पदकं त्या काळात कोणीही कोरून घेई, त्यामुळे त्यावरून दर्जा ठरवू नये.

वजन ३३.६ ग्रॅम. संग्रहासाठी घेणाऱ्याने इथे जपावं, कारण धूळझाकण पितळी आहे, वर सोन्याचा मुलामा. या वर्गातल्या घड्याळांत ते नेहमीचंच आणि त्यावर ‘मेताल’ (नुसता धातू, सोनं नव्हे) असं लिहिलेलंही असतं. मशीन, धूळझाकण, काच आणि स्टीलच्या स्प्रिंगा वजा केल्या की सोनं १८ ग्रॅमच्या आसपास उरतं. पूर्ण वजनावर भाव लावणारा जवळपास दुप्पट पैसे मोजतो.

दोष, जसे दिसले तसे:
– पुढच्या झाकणाच्या बिजागरीची एक नळी फाटलेली, त्यावर करड्या रंगाचा कथलाचा डाख.
– क्राऊन दाबला की झाकण उघडत नाही, फटकारल्यासारखं उसळतं.
– बिजागरीलगत मिन्याचा टवका उडालेला, २.४ × १.१ मिमी, खालचं गिलोशे उघडं. तिथूनच निघालेले तीन केसतडे.
– पाच मोती गायब, चारांच्या जागी काचेचे मणी, तीन खऱ्या मोत्यांवर पांढरी बुरशीसारखी साय.
– काच सेल्युलॉइडची, पिवळी पडलेली.
– पूर्ण किल्ली असूनही बॅलन्स (मागे-पुढे झोके घेत वेळ मोजणारं चाक) जेमतेम हलतो.

५ जून : कामाचा क्रम

जडावाच्या घड्याळात काय करायचं यापेक्षा कशानंतर करायचं हे आधी ठरवावं लागतं. सोन्याचा डाख ७०० अंशांच्या पुढे वितळतो. मिना ८०० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, पण पुन्हा एका बाजूने तापवला की तडकतो, कारण सोनं आणि काच सारखे प्रसरण पावत नाहीत. मोत्याला एवढी आच लागली तर तो जळतोच. डाख दिल्यावर सोनं साफ करायला वापरतात ते सौम्य गंधकाम्लही मोत्याचं पाणी घालवतं, कारण मोती मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आणि अर्धमोत्यांखाली जी लाख असते ती ८० अंशांच्या आतबाहेर मऊ होते.

तीच लाख मशीनमध्येही आहे. पॅलेटचे (चाकांचा वेग अडवत-सोडत बॅलन्सला धक्का देणाऱ्या लिव्हरचे) दोन खडे आणि बॅलन्सच्या रोलरमधला (आसावरच्या चकतीमधला) इम्पल्स ज्वेल, म्हणजे तो धक्का घेणारा खडा, लाखेनेच धरलेले असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून नियम सगळ्या वस्तूला एकच: अल्कोहोलमध्ये काहीही बुडवायचं नाही.

अतिनील दिव्याखाली झाकण पाहिलं. जुनी लाख नारिंगी चमकते, इपॉक्सी निळसर पांढरं. ५६ मोत्यांखाली नारिंगी, म्हणजे मूळचं काम. चार मण्यांखाली आणि बाजूच्या चार मोत्यांखाली निळसर. साय आलेले तीन मोती वेगळे. तिथे सुपरग्लू आहे. तो सुकताना वाफ सोडतो आणि तीच वाफ शेजारच्या मोत्यावर पांढरी बसते.

क्रम असा ठरला: मशीन बाहेर काढणं, कथलाचा डाख हाताने खरवडणं, बिजागरी लेझरने, झाकणाची स्प्रिंग, मग मिन्याचा भराव, सगळ्यात शेवटी मोती. मोती शेवटी, कारण बिजागरी आणि स्प्रिंग बसवताना झाकण पकडावं लागतं आणि दाब नेमका कडेवर येतो. मशीनचं काम समांतर.

मिना पुन्हा भाजून घ्यावा का, असा मालकांचा प्रश्न होता. नाही. त्यासाठी सगळे हिरे-मोती उपसावे लागतील, जुना मिना पूर्ण काढावा लागेल, आणि यंत्रावर कोरलेलं गिलोशे त्या झटापटीत बोथट होईल. हातात येईल ते नवं घड्याळ.

११ जून : बिजागरी

बिजागरीला पाच नळ्या: तीन केसच्या कड्यावर, दोन झाकणावर. झाकणावरची उजवी फाटली आहे.

सोन्यावर कथील-शिशाचा डाख म्हणजे पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत विघ्न. थोडा जरी शिल्लक राहिला आणि वर उष्णता दिली, तर शिसं आणि कथील सोन्यात शिरतात, जागा ठिसूळ होते आणि खड्डे पडतात. लेझरलाही हे लागू आहे. आम्लाने काढणं मोत्यांमुळे बाद. म्हणून भिंगाखाली तीन कोनी खरवडणीने काढला, शेवटचा थर फायबरग्लासच्या ब्रशने. करडी झाक पूर्ण जाऊन पिवळं स्वच्छ सोनं दिसेपर्यंत थांबायचं नाही. नळीच्या आतल्या बाजूला डाख हमखास उरतो, तिथे ०.५ मिमीचा ड्रिल हाताने फिरवला.

नळीत पितळेची तार घालून आकार धरला आणि १८ कॅरटच्या ०.३ मिमी तारेने लेझरचे ठिपके दिले. सोनं लेझरचा प्रकाश परतवतं, त्यामुळे पहिला ठिपका धरत नाही. सांध्यावर काळ्या मार्करची रेघ ओढली की धरतो. तीन ठिपके, मग बोटाला झाकण कोमट लागतंय का ते बघायचं, मग पुढचे. मिना पाच मिलिमीटरवर होता. त्यावर तांब्याची पातळ पट्टी झाकली होती, चुकून परतलेला किरण पडू नये म्हणून. बिजागरीजवळच्या सहा मोत्यांची लाख नंतर दिव्याखाली पुन्हा पाहिली. जशीच्या तशी.

१४ जून : झाकणाची स्प्रिंग

फाटण्याचं कारण इथे सापडलं. हंटरच्या केसमध्ये दोन स्प्रिंगा असतात. एक झाकण उचलते, दुसरी खिटी धरते. उचलणारी स्प्रिंग मूळची नाही. मोठ्या, पुरुषी घड्याळातली घासून बसवली आहे. पात्याची जाडी ०.७ मिमी, या केसला ०.४५ पुरे. झाकण दर वेळी बिजागरीच्या टोकाला आदळत होतं, त्या हिसक्याने नळी फाटली आणि त्याच हिसक्याने मिन्याचा टवका उडाला. नळीला कोणीतरी कथील लावलं, स्प्रिंग मात्र तशीच ठेवली.

नवी पट्टी कार्बन स्टीलची कापली. जुन्या स्क्रूच्या भोकावरून आकार घेतला. चेरीलाल करून तेलात विझवली, पॉलिश केली, मग निळा रंग येईपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत, उतरवली. पिवळ्या रंगावर थांबलं तर स्प्रिंग कडक राहून तुटते, करड्यापर्यंत गेलं तर मेलेली निघते. झाकण आता साधारण ६० अंशांपर्यंत उघडतं, पुढे बोटाने न्यायचं. हे असंच हवं.

मालकांना द्यायच्या कागदावर पहिली ओळ हीच असावी: हंटर बंद करताना क्राऊन दाबून धरा, झाकण मिटवा, मग क्राऊन सोडा. टपकन दाबून बंद केलं की स्टीलची खिटी सोन्याच्या ओठावर घासते. दहा-वीस वर्षांत ओठ झिजतो आणि झाकण मिटेनासं होतं. तो ओठ भरून काढायला पुन्हा मिन्याच्या कडेशी उष्णता न्यावी लागते. जुनी हंटर विकत घेताना आधी हा ओठ बघावा, मग तबकडी.

२० जून : मशीन खोललं

आधी होकायंत्र. बॅलन्सवर धरताच सुई हलली. स्टीलची हेअरस्प्रिंग (बॅलन्सला परत खेचणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकली की वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला मिनिटांनी पुढे पळतं. चुंबकी बटणाची पर्स आणि मोबाइलचं कव्हर ही आजची नेहमीची कारणं. चुंबकत्व उतरवून मगच खोललं.

तेल सगळीकडे हिरवट डिंक झालेलं. पिव्हट (चाकाच्या आसाचं बारीक टोक) आणि ज्वेल यांच्यामध्ये ते सरसासारखं बसतं. बहुतेक ‘बंद पडलेली’ पॉकेट वॉचेस एवढ्यानेच बंद असतात.

प्लेटींवर दाणेदार सोनेरी मुलामा आहे. त्याला ब्रश लावायचा नाही, दाणे घासून चकाकी येते आणि ती परत जात नाही. अमोनिया असलेल्या द्रावणात थोडाच वेळ, मग दोन वेळा धुणं, गरम हवेत सुकवणं. लिव्हर आणि बॅलन्स यांना फक्त पेट्रोलियम बेंझिनमध्ये क्षणभर. पावसाळा सुरू झालाय. मुंबईच्या या हवेत स्टीलवर बोटाचा ठसा एका रात्रीत गंज धरतो. बोटांना रबरी टोप्या घालून काम, आणि सुटे भाग सिलिका जेलच्या डब्यात.

ज्वेलांचा हिशेब: बॅलन्सची दोन भोकाची आणि दोन टोपीची, इम्पल्स एक, पॅलेटचे खडे दोन, पॅलेट, एस्केप, चौथं आणि तिसरं चाक यांची वर-खाली मिळून आठ. एकूण १५. मधल्या चाकाला पितळच आहे. तिथे ज्वेल असते तर १७ झाले असते. १४ ज्वेल फिकट गुलाबी, नैसर्गिक माणकाचे. तिसऱ्या चाकाचं वरचं एकटं गडद लाल, म्हणजे नंतरचं. कृत्रिम माणिक बनवण्याची व्हर्नॉयची पद्धत १९०२ ची, त्यानंतर रंग असा एकसारखा गडद येऊ लागला. त्याच ज्वेलला आरपार तडा आहे.

२७ जून : मेनस्प्रिंग

बॅरल, म्हणजे घड्याळाला जोर देणाऱ्या मेनस्प्रिंगचा डबा, उघडला आणि तीच गोष्ट पुन्हा दिसली: गरजेपेक्षा जाड स्प्रिंग.

आतली स्प्रिंग: रुंदी १.५०, जाडी ०.१५, लांबी २५५ मिमी. बॅरलचा आतला व्यास १०.५, आर्बरचा (मधल्या दांड्याचा) ३.५. हिशेब साधा आहे. स्प्रिंगने बॅरलमधली निम्मी मोकळी जागा व्यापावी, तर वेढे सगळ्यात जास्त मिळतात. त्रिज्या ५.२५ आणि १.७५, वर्गांतला फरक २४.५; गुणिले पाय, भागिले दोन, ३८.५ चौरस मिमी. ०.१३ जाडीने भागलं की लांबी २९६. म्हणजे इथे १.५० × ०.१३ × ३०० स्प्रिंग लागते. आर्बरची त्रिज्या जाडीच्या तेरापट येते, तेही ठीक. दहापटीच्या खाली गेलं की आतला वेढा तुटायला लागतो.

०.१३ आणि ०.१५ यांत डोळ्याला फरक दिसत नाही, पण जोर जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे दीडपटीहून जास्त. तेलाचा डिंक झालेलं मशीन ओढायला कोणीतरी ताकद वाढवली. घाणीत ते चालूनही गेलं असेल. आता स्वच्छ मशीनला हीच स्प्रिंग ठेवली, तर बॅलन्स पुरा वळसा घेऊन इम्पल्स ज्वेल लिव्हरच्या बाहेरच्या अंगाला आपटेल. घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे जाईल आणि एक दिवस ज्वेल तुटेल. शिवाय लांबी कमी, म्हणजे किल्लीही लवकर उतरणार.

०.१३ ची पांढऱ्या मिश्रधातूची स्प्रिंग बसवली. वाइंडरनेच, हाताने नाही. हाताने गुंडाळली की पातं पिळतं आणि बॅरलच्या झाकणाला घासतं. मोबियस ८२०० ग्रीसचा पातळ थर.

निळ्या स्टीलची जुनी स्प्रिंग सुट्या पाकिटात घड्याळासोबत द्यायची. मूळची नसली तरी इतिहासाचा भाग आहे.

४ जुलै : तिसऱ्या चाकाचं ज्वेल

मूळ ज्वेल पितळेच्या ओठात दाबून बसवलेले आहेत, सोनार कोंदणात खडा धरतो त्याच रीतीने. आज सहज मिळतात ते घर्षणाने बसणारे ज्वेल. त्यासाठी भोक रीमरने मोठं करावं लागतं, ओठ कापला जातो, आणि ते कायमचं. म्हणून जुन्या साठ्यातलं, ओठात बसणारं ज्वेल शोधलं. बाहेरचा व्यास १.३०, भोक ०.१७, पिव्हट ०.१५५. बाजूची सैल ०.०१५ आली. ०.०३ च्या पुढे चाक कलतं आणि दात खोल-उथळ बसतात.

ओठ उघडायचं हत्यार भोकात घालून पितळ हळूहळू बाहेर रेटायचं. एकदम रेटलं तर ओठाला चीर जाते. ज्वेल सपाट बसलाय हे पाहून बंद करायचं हत्यार फिरवायचं. उभी सैल ०.०३ मिमी. चिमट्याने चाक वर उचललं की दिसावं, आणि तेवढंच.

रंगाने हे ज्वेल बाकी चौदांत मिसळून गेलं.

११ जुलै : बॅलन्स

कापलेला द्विधातू बॅलन्स: बाहेर पितळ, आत स्टील, कडेला स्क्रू. उष्णतेत स्टीलची हेअरस्प्रिंग नरम पडते आणि घड्याळ मागे पडतं. त्याच वेळी कापलेल्या भुजा आत वळतात आणि ती घट भरून काढतात. या भुजा चिमट्यात कधीही धरायच्या नाहीत. धरायचं ते मधल्या आडव्या दांडीला. एक भुजा किंचित बाहेर होती. वर्तुळाच्या पट्टीवर ताडून बोटाने आत घेतली.

खालचा पिव्हट ०.१०५ मिमी, टोक चपटं होऊन छत्रीसारखं पसरलेलं. टोपीचं ज्वेल कोरडं पडलं की असं होतं. याचं लक्षण म्हणजे तबकडी वर आणि तबकडी खाली या दोन स्थितींत झोक्यात मोठा फरक. जॅको टूलवर (पिव्हट घोटायच्या छोट्या लेथवर) बर्निशरने (घोटणीने) टोक गोल केलं. पिव्हट ०.१०२ राहिला. ०.१० च्या खाली गेलं असतं तर नवा स्टाफ (बॅलन्सचा आस) लागला असता, आणि रोलर व हेअरस्प्रिंग उतरवून पुन्हा चढवणं म्हणजे जुन्या भागांना दोन नवे धोके.

माणकाच्या धारांवर तोल पाहिला. जड बाजूच्या स्क्रूच्या डोक्याखालून, दिसणार नाही असा, चिमूटभरही नाही एवढा धातू काढला. बाहेरच्या बाजूने काढलेला धातू पुढच्या कारागिराला आणि खरेदीदाराला लगेच दिसतो.

पॅलेटच्या खड्यांच्या इम्पल्स बाजूंना मोबियस ९४१५, एस्केप आणि बॅलन्सच्या पिव्हटांना ९०१०, मंद चाकांना एचपी १३००. पॅलेटच्या पिव्हटांना आणि लिव्हरच्या शिंगांना काही नाही. तिथे तेल गेलं की झोका दहा-वीस अंशांनी पडतो.

१८ जुलै : मिन्याचा भराव

टवक्याच्या जागी पॅरालॉइड बी-७२ मध्ये पारदर्शक थॅलो निळा (रंगद्रव्य) घोटून भरला. हे राळेसारखं, काचेइतकं स्वच्छ असतं आणि केव्हाही विरघळवून काढता येतं. पुस्तकांत द्रावक म्हणून ॲसिटोन दिलेलं असतं. इथे टोल्युइन वापरलं, दोन कारणांनी. ॲसिटोन झटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो, पावसाळी हवेतली ओल त्यावर बसते आणि भराव दुधी होतो. आणि ॲसिटोन मोत्यांखालच्या लाखेला मऊ करतं, टोल्युइन करत नाही. टोल्युइनची वाफ विषारी असते; धूर ओढणाऱ्या पंख्याखालीच काम करायचं.

वातानुकूलित खोलीत, आर्द्रता ४५ टक्के. पहिला थर जवळजवळ रंगहीन, जेणेकरून गिलोशेच्या रेषा तळात दिसत राहाव्यात. मग निळा, पातळ थरांत, प्रत्येक थर रात्रभर सुकवून. द्रावक उडाला की थर आक्रसतो, म्हणून शेवटचा थर कडेपेक्षा किंचित फुगीर ठेवून नंतर घासला. मूळ मिन्याला भरावाची कड शिवते, पण त्यावर चढत नाही. केसतडे तसेच ठेवले. त्यांत रंग शिरवला तर ते अधिक उठून दिसतात.

जुन्या मिन्याची निळाई खोलीतून येते. आमचा भराव समोरून जुळतो, तिरक्या उजेडात ओळखू येतो. तो ओळखू यायलाच हवा, नाहीतर पुढच्या खरेदीदाराची फसवणूक होते. बी-७२ ४० अंशांच्या पुढे मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत घड्याळ ठेवायचं नाही, हे कागदावर लिहिलं.

हिऱ्यांच्या चांदीवरचा काळेपणा चांदीच्या डिपने काढायचा नाही; त्यात आम्ल असतं आणि मोती चार मिलिमीटरवर. लाकडाच्या टोकदार काडीवर धुतलेला खडू, फक्त घरांच्या कडांना. रोज-कट हिऱ्याला खालचं टोक नसतं, तळ सपाट. काहींच्या मागे चमकीचा पत्रा असतो आणि आत पाणी गेलं की तो काळा पडून हिरा मेल्यासारखा दिसतो. इथे सगळी घरं मागून बंद आहेत, म्हणून ओलं काही लावलं नाही. राणी व्हिक्टोरियाने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात घेतलेलं पाटेक फिलिपचं पेंडंट घड्याळ याच घाटाचं, निळ्या मिन्यावर रोज-कट हिरे. तो साज चांगला टिकलेला पाहायचा असेल तर ते घड्याळ बघावं.

२९ जुलै : मोती

नऊ अर्धमोती हवेत, व्यास १.२५ ते १.३५. हे नैसर्गिकच हवेत. १८९० च्या दशकात गोल संवर्धित मोती बाजारात नव्हते, ते आले १९२० च्या सुमारास. सुदैवाने मुंबईत हे शोधणं जगात कुठल्याही शहरापेक्षा सोपं आहे. आखातातला माल इथेच उतरे, इथेच निवडला आणि विंधला जाई, आणि ‘बसरा’ म्हणून इथल्या नथींत आणि तन्मण्यांत जाई. मोडक्या दागिन्यांतून निघालेला बारीक माल झवेरी बाजारात अजून मिळतो. मोठ्या मोत्याचा भाव वजनाच्या वर्गावर चालणाऱ्या ‘चव’ मापाने होतो. एवढ्या बारकाला कोणी चव लावत नाही, तो तोळ्यावर मिळतो.

कापलेल्या तळाकडून पाहिलं की खऱ्या अर्धमोत्यात वर्तुळावर वर्तुळं दिसतात. संवर्धिताच्या तळाला मण्याची सरळ पट्टेदार शिंपली आणि भोवती पातळ साल. काचेचा मणी तर दहापट भिंगात बुडबुडा दाखवतोच.

जुळवणी उत्तरेच्या उजेडात, सकाळी. रंगाआधी पाणी जुळवायचं. शेजारच्या जुन्या मोत्यांवर पिवळसर क्रीम झाक आहे, त्यामुळे पांढरे शुभ्र मोती दातांतल्या कृत्रिम दातासारखे दिसतात. प्रत्येक जागी मेणाच्या कणावर तात्पुरता ठेवून, हातभर अंतरावरून बघून मग ठरवला. निवडले नऊ, बघितले त्याच्या कितीतरी पट.

उंची सगळ्यांची ०.६ च्या आसपास. एखादा उंच राहिला तर सगळी घासण त्यालाच लागते. कमी करायचं ते तळाकडून, १००० नंबरच्या ओल्या कागदावर. घुमटाला कागद लावला की पाणी गेलं.

काचेचे मणी आणि त्यांखालचं इपॉक्सी लाकडी काडीने उचकटलं. सुपरग्लूची साय तशीच काडीने, कोरडी, चकत्या सुटतील तशी काढली. दोन मोती पूर्ण निघाले, एकावर डाग राहिला. तो तसाच ठेवला. बदलला तर मूळचा एक कमी होतो.

बसवताना लाख वितळवून ओढलेला केसाएवढा धागा घरात ठेवायचा, मोती वर, आणि गरम सुई सोन्याला, मोत्याला नाही. अल्कोहोलमधली पातळ लाख वापरली तर ती शेजारच्या घरांत झिरपते आणि जुने मोती सैल करते. दोन मोत्यांमधले सोन्याचे दाणे जिथे अंग धरून होते तिथेच पुढे रेटले. झिजलेले दाणे रेटले की तुटतात, ते सोडले. नऊही मोत्यांच्या जागा तासाच्या आकड्यांप्रमाणे नकाशात नोंदल्या.

८ ऑगस्ट : काच, तबकडी, जोडणी

सेल्युलॉइड जुनं झालं की नायट्रिक वाफ सोडतं. मिटलेल्या हंटरमध्ये ती कुठे जाणार? स्टीलचे स्क्रू गंजतात आणि मोत्यांचीही हानी होते. पॉकेट वॉचमधली पिवळी काच दिसली की तीच सगळ्यात आधी बाहेर काढावी. साधी काच बसवली, जाडी ०.८. सेकंदकाट्याच्या टोकापासून काचेपर्यंत ०.४ आणि काचेपासून झाकणापर्यंत ०.५ मोकळं आहे.

तबकडी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतली. सहाच्या आकड्याजवळ एक केसतडा आहे, त्यातली मळी निघाली. तबकडीचे स्क्रू घट्ट आवळायचे नाहीत, पायांच्या मुळाशी मिना फुटतो.

१९ ऑगस्ट : वेळ

टाइमग्राफरला (टिकटिक ऐकून वेळ आणि झोका मोजणाऱ्या यंत्राला) लिफ्ट अँगल, म्हणजे लिव्हर भिडलेला असताना बॅलन्स वळतो तो कोन, सांगावा लागतो, आणि अशा बिननावाच्या मशीनचा तो कुठे छापलेला नसतो. काढायची रीत: किल्ली अगदी थोडी द्यायची, झोका बरोबर १८० अंश येईपर्यंत. तेव्हा बॅलन्सची दांडी दोन्ही टोकांना एकाच रेषेवर थांबलेली दिसते. मग यंत्रावर १८० वाचेपर्यंत लिफ्ट अँगल बदलायचा. इथे ४९ आला. ठरीव ५२ ठेवला असता तर झोका पंधराएक अंश फुगून दिसला असता.

पूर्ण किल्ली: तबकडी वर २७८ अंश, दिवसाला +९ सेकंद, तबकडी खाली २७४, +११, क्राऊन वर २४१, −६, क्राऊन डावीकडे २३८, −१४. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) ०.४ मिलिसेकंद. २४ तासांनी तबकडी वर २३०, +१३. सपाट हेअरस्प्रिंगच्या १३ लीन्य मशीनला हे उत्तम आहे. उभ्या स्थितींतला फरक आणखी कमी करता आला असता, पण त्यासाठी हेअरस्प्रिंगच्या टोकाला हात घालावा लागला असता. गरज नाही.

२२ ऑगस्ट : सुपूर्द

सोबत दिलं: मोत्यांचा नकाशा, आधीचे आणि नंतरचे फोटो, अतिनील दिव्याखालचे फोटो, आणि पाकिटात काढलेल्या सगळ्या वस्तू: दोन्ही जाड स्प्रिंगा, तडकलेलं ज्वेल, काचेचे मणी. विकताना हा कागद सोबत असला की भराव आणि नऊ मोती लपवायची वेळ येत नाही. चोख नोंद असलेली दुरुस्ती जाणकार खरेदीदार मान्य करतो. सापडलेली लपवाछपवी करत नाही.

ठेवायचं कसं: धुतलेल्या सुती कापडात, आर्द्रता ५० ते ५५ टक्के. फार कोरड्यात मोत्याला चिरा जातात. ओक लाकडाच्या पेटीत नको, त्यातून असेटिक आम्लाची वाफ येते. रबरी फोमच्या मखमली डबीत नको, गंधकाने चांदी काळी पडते. अत्तर आणि घाम लागलाच तर कोरड्या मऊ कापडाने पुसावं.

घड्याळ किल्ली उतरलेल्या अवस्थेत ठेवावं. वापरायचं त्या दिवशी सकाळी किल्ली द्यावी, क्राऊन अडेपर्यंत, पुढे जोर करू नये. तेल तीन वर्षांनी तपासायचं, चालत असलं तरी.

परदेशी न्यायचं झालं तर आधी कागद. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. हे घड्याळ त्या व्याख्येत येतं की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून ठरवून, लेखी घेऊनच विमानतळ गाठावा. केसचा ठसा, अनुक्रमांक आणि १८८९ च्या पदकाचा फोटो अर्जाला जोडता येईल असा वेगळा काढून दिला आहे.